किती माणसांची कढई?

कढईचं बूड गेलं म्हणून नवी घ्यायला गेले. दुकानदाराने लहान आणि मोठी अशा दोन पुढ्यात ठेवल्या आणि सहज विचारलं, “ताई, घरात माणसं किती?” मी गडबडलेच. मुलं परगावी, आम्ही दोघंच. पण दिवाळीत घर भरतं. मग काय सांगू?

शेजारी एक नवं जोडपं होतं. मुलीने भलंमोठं पातेलं उचललं. नवरा म्हणाला, “अगं, दोघंच तर आहोत आपण!”

“आत्ता दोघं,” ती म्हणाली आणि टिचकी मारून पातेल्याचा आवाज ऐकू लागली.

मीही दोन्ही कढयांवर टिचकी मारली. मोठीचा आवाज बराच वेळ घुमत राहिला. ती मोठी होती म्हणून, की रिकामी होती म्हणून, काही केल्या कळेना.