एक जूनची माणसं

एक जून, गुरुवार. कारखान्याला साप्ताहिक सुट्टी, आणि मी तिथल्या दवाखान्यात इंजेक्शनच्या सुयांना धार लावत बसले होते. काळ्या, गुळगुळीत दगडावर तेलाचा थेंब, त्यावर सुईचं तिरपं टोक, आणि मग ती बारीक, किरकिरती कुजबुज. एरवी भोसरीत यंत्रांच्या गदारोळात हा आवाज ऐकूही येत नाही. गुरुवारी मात्र सारी खोली त्याची असते. धार लागली की सुई कापसावरून अलगद ओढायची. एखादा तंतू अडकला तर समजायचं, टोक अजून वाकडं आहे. डोळ्यांना दिसत नाही ते कापूस सांगतो. बारा वर्षांच्या नोकरीत याहून प्रामाणिक परीक्षक मला भेटला नाही.

त्या दिवशी माझा वाढदिवस होता, म्हणजे कागदावर. कपाटातल्या तपासणीच्या रजिस्टरात कितीतरी कामगारांचा जन्म एक जूनचाच. बाबूराव फिटर दर वर्षी दारातून डोकावायचा. "सिस्टर, आज आपला वाढदिवस. तुमचा, माझा, आख्ख्या वर्कशॉपचा. पेढे कुणी कुणाला द्यायचे, सांगा." मराठवाड्यातला टर्नर, कोकणातला वेल्डर आणि चाकणजवळच्या खेड्यातली मी, सगळे एकाच दिवशी जन्मलेलो! आमच्या आयांना आमचे जन्म ठाऊक होते, पण पोळ्याच्या आदल्या दिवशी, नाहीतर ज्वारी हुरड्यात आली तेव्हा, असे. शाळा उघडायची जूनमध्ये. मास्तरांनी तरी दुसरं काय लिहायचं?

माझी गोष्ट थोडी वेगळी. मला पाचही पुरी नव्हती. थोरली बहीण हिरा सात वर्षांची. शाळा दीड कोसावर, वाटेत ओढा, आणि ती एकटी जायला तयार नव्हती. वडील, म्हणजे आबा, मलाच सोबत म्हणून घेऊन गेले. तेव्हा वयाची कसोटी एकच असे: उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायचा. माझा हात पोचेना. मास्तर वही चाळत होते, तेवढ्यात हिराने मागून माझी मान हळूच वाकवली आणि कान बोटांपाशी आला. मास्तरांनी पाहिलं असावं. त्यांनी आबांकडे पाहिलं, आबांनी मान डोलावली, आणि मी सव्वा वर्षाने मोठी झाले. हिराचा हात धरून ओढा ओलांडताना मला त्या सव्वा वर्षाचं ओझं मुळीच वाटलं नाही. लहानपणी वय ही फुकट मिळणारी वस्तू वाटते, नाही का?

हिराची शाळा चौथीला सुटली, माझी सुटली नाही. बासष्ट साली इंटर सायन्स झाले, मेडिकल कॉलेजला अर्ज केला आणि मुलाखतीचं पत्र आलं. त्याच आठवड्यात हिरा माहेरी बाळंत झाली. मूल गेलं, आणि मग तिला ताप चढत गेला. मला थर्मामीटर वाचता येत होता. मी तो वाचत राहिले. पुण्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत सारं आटोपलं होतं. मुलाखतीचा दिवस कधी उलटला, मला आठवत नाही. हिराची थोरली मुलगी, मंगल, तेव्हा दोन वर्षांची होती. तिच्या बापाने दुसरं घर मांडलं. मी नर्सिंगला गेले, नोकरी लागल्यावर मंगलला भोसरीच्या खोलीवर आणलं, आणि शिकण्यात-कमावण्यात सोळा वर्षं गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र तापाने फणफणलेलं कुणी दारात आलं की डॉक्टर येईपर्यंत मी पुन्हा फक्त थर्मामीटर वाचणारी असे.

मंगल डी.एड.च्या वसतिगृहात गेली आणि तिथून तिने लिहिलं, "मावशी, आता तुझं बघ." मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाला नर्सना त्या वर्षी वयात सवलत होती, पस्तीस पूर्ण नसावीत, एवढीच अट. मी अर्ज केला. बुधवारी तो शेरा मारून परत आला: एक जूनला वय पूर्ण पस्तीस. विचारायला मी पुण्याच्या कचेरीत गेले, तिथल्या कारकुनाने नीट समजावून सांगितलं. "बाई, जन्माच्या वहीत तुमच्या वडिलांच्या नावे मुलगी आहे, पण मुलीचं नाव नाही. ती मुलगी तुम्हीच, आणि शाळेतली तारीख चुकीची, असं वडिलांनी शपथेवर सांगायला हवं. शनिवारी दुपारपर्यंत आणा. मग अर्ज घेतो."

बुधवारीच मी तशीच गावी गेले. आबा गोठ्यात होते. ऐकून म्हणाले, "मास्तर देवमाणूस व्हता. त्येला मेल्यावर खोटा पाडू?"

"आबा, माझं वर्ष जातंय."

"जाऊ दे. आता हाय ती नोकरी काय वाईट हाय?"

मी शेवटच्या एसटीने परतले. रागावले होते, हे कबूल करते.

गुरुवारी दगडावर सुई फिरवताना मात्र राग उतरत गेला. त्या सव्वा वर्षाने आता माझी वाट अडवली होती. पण ते वाढवलं नसतं तर हिरा शाळेत गेली नसती, आणि दोन वर्षांनी मला एकटीला तरी कुणी धाडलं असतं? जे दार आज बंद होत होतं, ते उघडलंही त्याच खोट्या तारखेने होतं. मग माझं काय हिरावलं गेलं होतं? सुई कापसावरून ओढली. तंतू अडकला. आणि ध्यानात आलं की बुधवारी मी कारकुनाचं सारं आबांना सांगितलं, मास्तरांचं सांगितलं, पण हिराचं नाव घेतलं नाही. सोळा वर्षांत त्या घरात ते कुणीच घेतलं नव्हतं. आबांनीही मास्तरांची ढाल पुढे केली होती ती काय उगाच?

दुसऱ्या दिवशी सकाळी रजेचा अर्ज टाकून मी पहिल्या गाडीने गावी गेले. आबा ओट्यावर चहा घेत होते. मी म्हटलं, "मास्तर खोटं बोलले असं सांगू नका. काय झालं तेवढं सांगा. हिराने माझी मान वाकवली, ते सांगा."

आबांनी कप खाली ठेवला. ओढ्याच्या दिशेने पाहत म्हणाले, "तुला ठावं हाय व्हय त्ये?"

"मान माझीच होती."

ते उठले, धुतलेलं धोतर नेसले, फेटा बांधला. खेडच्या तालुका कचेरीबाहेर लिंबाखाली टंकलेखक बसतो, त्याच्यासमोर उकिडवे बसून त्यांनी सारं सांगितलं: पोळ्याचा आदला दिवस, ओढा, कान. "माजी थोरली, हिरा, येकटी जायाची न्हाई," म्हणाले, आणि थांबले. टंकलेखकाने हात उचलून धरला. मग आबा म्हणाले, "लिवा. हिराच लिवा."

कागद पुरा होत आला. टंकलेखकाने विचारलं, "बाबा, तुमची स्वतःची जन्मतारीख?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, फेटा सारखा केला आणि ठामपणे सांगितलं, "एक जून."

कागदावर सही-शिक्का झाला, तशी त्यांना गावच्या गाडीत बसवलं आणि मी पुण्याची गाडी पकडली.