पहिल्या प्रतीचे कोंब

मिएनला बसलेलं कुणी पाहिलंय का, असं आमच्या तुआन तू या गावात विचारलंत तर लोक हसतील. तिचा नवरा तोआन म्हणतो, "लग्नात बसली होती घटकाभर. तेही इमामांनी दटावलं म्हणून." वाळूतल्या शेतावरून घरात, घरातून शेळ्यांच्या गोठ्यात, तिथून परत चुलीपाशी, अशी बाई दिवसभर भिरभिरत असते. पायाला भिंगरी आणि जिवाला घोर, दोन्ही जन्मापासूनचं. जेवतेसुद्धा उभ्यानं, वाडगा हातात घेऊन, एक डोळा दाराकडे ठेवून.

पीकही तिला तसंच मिळालं होतं. तिच्या शेतात शतावरी. आपल्या औषधातली काटेरी वेल नव्हे, तिच्या भावकीतली; हिचे वाळूतून सरळ वर येणारे हिरवे कोंब खायचे. हे पीक थांबत म्हणून नाही. आज बोटभर दिसलेला कोंब उद्या वीतभर होतो आणि परवा शेंडा उमलून वाया जातो. म्हणून रोज पहाटे, आमच्या फान रांग भागाचं ते भाजून काढणारं ऊन चढायच्या आत, वाकून वाकून काढायचे. अंगठ्याएवढे जाड, सरळ, मिटल्या शेंड्याचे ते पहिल्या प्रतीचे. रबर लावून सातच्या गाडीनं ते शहरात रवाना. बारीक, वाकडेतिकडे, शेंडा सुटलेले राहतात घरात. त्यातलेही फारच वाईट असतील ते शेळ्यांना.

आठ वर्षं त्या घरात हीच भाजी. कढई चांगली तापवायची, तेल, ठेचलेला लसूण, त्यावर कोंब. तीनदा परतायचे, मासळीच्या खाऱ्या पाण्याचा शिंतोडा मारायचा, उतरवायची. हातपाय धुऊन येईपर्यंत भाजी तयार. मिएनला ती आवडायची ती एवढ्यासाठीच, तिच्यापाशी उभं राहावं लागत नाही म्हणून.

आता खरं दुखणं सांगतो. आम्हा चाम लोकांत मुलगी सासरी जात नाही, मुलगा जातो. मुलीकडच्यांनी पानसुपारी घेऊन मुलाच्या आईच्या दारात जायचं आणि मुलगा मागून आणायचा. घर, शेत, म्हातारे आईबाप, सगळं धाकट्या मुलीच्या पदरात. मिएनच्या थोरलीचं लग्न थाटात झालं, जावई घरात आला, आणि नऊ महिन्यांत पिशवी खांद्याला अडकवून आईकडे परत गेला. जाताना अंगणात उभा राहून, सगळी आळी ऐकेल अशा आवाजात म्हणाला, "या घरात चांगलं ते गाडीला आणि वाकडं ते जावयाला!"

थोरली दूर सायगाव शहरात शिवणकामाला निघून गेली. ते वाक्य मात्र गावातच राहिलं आणि बाजारहाटातून आजूबाजूच्या गावांतही पोचलं. मिएनच्या घरात जावई टिकत नाहीत, असं बायका दबक्या आवाजात बोलायला लागल्या. आणि आता धाकटी थुई एकोणतीस वर्षांची झाली होती. फुओक न्यन गावचा खांग तिला आवडला होता, त्यालाही ती. पण त्याची आई देपबाई! कांदा-लसणाची शेतकरीण, अंगानं भरभक्कम, बोलणं मोजकं. मिएननं दोनदा पानसुपारी नेली, दोन्ही वेळा त्या "बघू" म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मीच येते. घर बघते, मग सांगते." आता त्या नाही म्हणाल्या तर धाकटीसुद्धा थोरलीच्या मागे सायगावला जाणार, हे मिएनला स्पष्ट दिसत होतं. मग घराला कुलूप.

त्या पहाटे मिएननं पहिल्या प्रतीची एक जुडी बाजूला काढून ठेवली. गाडीवाला म्हणाला, "काय मावशी, आज एक जुडी कमी?"

"आज घरात खाणार."

"तुम्ही? पहिल्या प्रतीची? कुणाचं नशीब उघडलं म्हणायचं!"

"तुझी गाडी निघाली का नाही अजून?" मिएन म्हणाली आणि घराकडे सुटली.

घरात तिनं थुईच्या नाकी नऊ आणले. चटई झटकली, उलटी करून झटकली, पुन्हा झटकली. शेळीच्या मटणाचा रस्सा चारदा चाखला. चिंचेतले मासे इकडून तिकडे ठेवले.

"आई, दोन मिनिटं बस गं," थुई म्हणाली. "झटकून झटकून चटई फाटेल."

"बसते, बसते. पानाचं तबक पुसलंस का?"

"तू पुसलंस. मी पुसलं. बाबांनीपण पुसलं."

तोआन दारातून म्हणाला, "अगं, त्या मुलगा द्यायचा का नाही ते ठरवायला येतायत. आपल्याला गिळायला नाही."

"तुमचं काय जातंय बोलायला! पोरीचं जमलं नाही तर गाव तुम्हाला नावं ठेवणार नाही, मला ठेवेल."

तोआन तबक घेऊन पुन्हा पुसायला लागला. चौतीस वर्षांचा सराव होता.

मिएननं कढई तापवली. तेल, लसूण, आणि त्यावर ते अंगठ्याएवढे कोंब. तीनदा परतले, खारं पाणी शिंतडलं, एक चावून बघितला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. वरून चकचकीत, आतून ठार कच्चा, बुडाशी तर दातात अडकणारे धागे. आठ वर्षं हेच पीक काढलं, पण जाड कोंब बाईनं जन्मात कधी शिजवला नव्हता! त्याचं बूड सोलायचं असतं, किंवा उभा चिरून घ्यायचा असतो, हे तिला कोण सांगणार? तिनं घाईघाईनं पाणी ओतलं, वर झाकण घातलं, आणि तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली.

मग काय विचारता! मिएन बाहेर, मिएन आत. या, बसा, चहा घ्या, पंखा इकडे वळवू का, ऊन फार लागलं का, खांग बाळा तू इथे बस, नको तिथे वारा येत नाही, इथे बस. देपबाई टेकल्या आणि घरभर नजर फिरवत राहिल्या. मिएनला ती नजर पाठीत टोचत होती. झाकणाची आठवण तिला झाली तेव्हा फार उशीर झाला होता. काढून बघते तर हिरवे कोंब शेवाळी झालेले, जेवायच्या काड्यांनी उचलले तरी मधून मोडणारे.

टाकून द्यावेत असं एकदा वाटलं. पण ते पहिल्या प्रतीचे होते. तिनं ते तसेच चिनी मातीच्या बशीत घातले आणि बाहेर नेले.

सगळे चटईवर जेवायला बसले. मिएन उभीच. देपबाईंनी काड्यांनी एक कोंब उचलला. त्याचा अर्धा भाग बशीत पडला आणि अर्धा तोंडापर्यंत पोचला. खांगनं एक खाल्ला आणि म्हणाला, "छान झालेत." थुईला हसू आवरेना, तिनं तोंड वाडग्यात घातलं. मिएनला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रस्सा घ्या ना. पाणी आणू का? मासा गार झाला असेल, गरम करून आणते. तोआन, अहो, पंखा..."

"मिएनताई, बसा," देपबाई म्हणाल्या.

"बसते की. तेवढं लिंबू..."

"तुम्ही उभ्या आहात तोवर माझ्या तोंडून होकार निघायचा नाही. आधीच सांगून ठेवते."

मिएनचे हात तसेच हवेत राहिले. ती बसली, म्हणजे गुडघे मोडले एवढंच. बूड अजून चटईला लागलं नव्हतं. तेवढ्यात देपबाई स्वतः उठल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. मिएन उठायला गेली तर तोआननं तिचा हात धरला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

आतून आवाज आला, "ही टोपली कुणाची?"

"ती... वाकडे आहेत ते! आम्ही खातो. पाहुण्यांना नाही!"

कढई ठेवल्याचा आवाज आला, मग तेल तडतडलं. मिएन बसल्या जागेवरून मान उंच करून आत बघायला लागली. दुसऱ्याच्या चुलीवर मुलाची आई स्वयंपाक करतेय, आणि आपण चटईवर बसलोय! काय हे वाढून ठेवलंय नशिबात!

"लसूण करपेल," ती पुटपुटली.

"करपू दे," तोआन म्हणाला.

लसूण करपला नाही. देपबाई बशी घेऊन आल्या, बसल्या, सगळ्यांना वाढलं. हिरवे, कुरकुरीत, वाकडेतिकडे कोंब. मिएननं एक खाल्ला, आणि मग तिच्याच्यानं राहवेना.

"तो मागचा जावई तसं बोलून गेला ना, देपताई. चांगलं गाडीला, वाकडं जावयाला. तुमच्या कानावर आलंच असेल. म्हणून म्हटलं, खांगच्या पानात पहिल्या प्रतीचेच पडले पाहिजेत. पण ते मी कधी शिजवलेच नाहीत हो. मला येतच नाही."

"आलंय कानावर," देपबाई म्हणाल्या. "पण मी भाजी बघायला आलेले नाही." त्यांनी काड्या खाली ठेवल्या. "आपल्यात पोरगा एकदा बायकोच्या घरी गेला की आईकडे परत येतो तो मेल्यावर, आईच्या घराण्याच्या कबरस्तानात. तेव्हा तो माझा. मधली सगळी वर्षं तुमची. मला एवढंच बघायचं होतं, की तो जेवताना त्याच्यासमोर कोण बसणार आहे."

मिएननं रश्श्याचं भांडं खांगच्या बाजूला सरकवलं.

देपबाई पुढे म्हणाल्या, "हा मेला दुसऱ्यांदा मागत नाही. लहानपणापासूनची खोड. भूक असली तरी वाडगा खाली ठेवतो आणि पोट भरलं म्हणतो. त्याच्याकडे बघत बसावं लागतं, तेव्हा कळतं."

"आई!" खांग लाजून म्हणाला.

मिएन त्याच्या वाडग्याकडे बघत होती. तो पहिला जावई नऊ महिने याच चटईवर बसायचा. रोज शेतावरून यायचा, जेवायचा, वाडगा ठेवायचा. ती त्या वेळी कुठे असायची? गोठ्यात, नाहीतर दारात, नाहीतर उद्याच्या जुड्या बांधायचे रबर मोजत. त्याचं तोंड जेवताना कसं दिसायचं ते तिला आठवेना. किती खटपट केली तरी आठवेना.

"तोही मागायचा नाही," ती म्हणाली. "तोही कधी मागायचा नाही. मला वाटायचं, भरलं असेल पोट." आणि तिला रडू फुटलं, पाहुण्यांसमोर, घास तोंडात असताना.

थुई उठायला लागली, पण देपबाईंनी तिला मानेनंच नको म्हटलं. मग खांगनं वाडगा रिकामा केला आणि हळूच खाली ठेवला. मिएननं डोळे पुसले आणि भाताचं पातेलं आणायला उठायला गेली. देपबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"इथूनच वाढा, विहीणबाई. पातेलं थुई आणेल."

थुईनं पातेलं आणलं. मिएननं बसल्या जागेवरून खांगच्या वाडग्यात भात घातला, त्यावर कोंब घातले, आणि तो शेवटचा घास खाईपर्यंत त्याच्याकडे बघत बसून राहिली.