वीस तजुर्बे

वहीत वीस तजुर्बे आणि प्रत्येकाखाली मास्तरांची दस्तखत. एवढं असल्याशिवाय सायन्सच्या पोराला मॅट्रिकला बसू देत नसत. राज्य निजामाचं, शिकणं सगळं उर्दूतून, म्हणून प्रयोगाला आम्ही तजुर्बाच म्हणायचो. मी अणदूरचा. धाराशिवला आत्याकडं राहून शिकत होतो.

प्रयोगाचं सामान शाळेत होतं. काचेच्या दारांचं एक कपाट होतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली मास्तरांच्या खिशात असायची. दोन वर्षांत ते कुलूप एकदाही निघालं नाही.

"फुटलं-तुटलं तर जाब मला द्यावा लागतो," मास्तर म्हणायचे.

मग कुणा जुन्या विद्यार्थ्याची एक वही वर्गात फिरायची आणि आम्ही सगळे ती उतरवून घ्यायचो. 'मी तांब्याचा तुकडा आधी हवेत तोलला, मग पाण्यात तोलला. असं तीन वेळा केलं.' सगळ्या वर्गाच्या तुकड्याचं वजन गुंजभरही इकडं-तिकडं व्हायचं नाही.

त्यात काही वाईट आहे असं तेव्हा मला वाटलं नाही. मला फक्त एखादा तजुर्बा खरोखर करून बघायचा होता. सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईच्या, म्हणजे अव्वाच्या, पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून रात्रभर झाकून ठेवला. सकाळी वरची निवळी एका बाटलीत ओतली आणि एरंडाच्या पानाचा पोकळ देठ तिच्यात बुडवून फुंकत बसलो. निवळी हळूहळू पांढरी झाली. अव्वा चुलीपुढून उठून आली.

"अगं बाई, दूध झालं की! काय घातलास रं?"

"काय न्हाय अव्वा, नुसता श्वास."

तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या निवळीत तिनं स्वतः फुंकलं आणि पोरीसारखी हसली.

शाळेत परतल्यावर विसाव्या तजुर्ब्याच्या जागी मी तेच लिहिलं. मास्तरांनी वाचलं.

"हे कुठं केलंस?"

"घरी."

"कुणाच्या देखरेखीखाली?"

"अव्वा होती."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पान फाडलं, चार घड्या घालून माझ्या हातात दिलं. "जुन्या वहीत हाय तेवढंच लिही. दस्तखत पायजे न्हवं?"

मी लिहिलं. त्यांनी दस्तखत केली.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी आल्या आल्या कपाट उघडायला लावलं. कुलूप गंजलेलं. तेल सोडून, ठोकून ते निघालं. परीक्षकांनी माझी वही चाळली, तांब्याच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"ये तजुर्बा तुमने किया?"

मी मास्तरांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"जी, किया."

"करके दिखाओ."

काचेच्या पेटीतला तराजू मी जन्मात पहिल्यांदा जवळून बघत होतो. वजनं बोटांनी उचलली. ती चिमट्यानं उचलायची असतात, हे परीक्षकांनी सांगितलं तेव्हा कळलं. पारडी जागची हलेनात. खाली एक खुंटी होती, ती आधी फिरवायची असते. मी म्हणालो, साहेब, चुन्याच्या निवळीचा करून दाखवतो, तो मी खरंच केलाय.

त्यांनी वही पुन्हा चाळली. "इसमें तो नहीं है."

एवढंच बोलले आणि पुढच्या पोराला बोलावलं. त्याला तोंडी दोन प्रश्न विचारून सोडलं. बहुतेकांना तसंच सोडलं. सायन्समध्ये मी एकटा नापास झालो.

मास्तरांनी आत्याच्या यजमानांना सांगितलं, "पोरगं हुशार हाय, पण हाताला वळण न्हाय."

फाडलेल्या पानाचं मी तिथंही सांगितलं नाही, घरीही नाही. अव्वाला वाटलं असतं, तिच्यामुळं झालं. पुढच्या साली मुलखात गडबड सुरू झाली, शाळा बंद पडली. ती उघडेपर्यंत मी औताला लागलो होतो.

बऱ्याच वर्षांनी येरमाळ्याला यात्रेत मास्तर दिसले. नोकरी पुरी झाली होती, पोट सुटलं होतं. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"काय करतोस?"

"शेती."

"शेतीसारखं सुख न्हाय बाबा. आमच्या नशिबात कुठलं?"

काय बोलायचं ते मनात पाठ होतं. कितीतरी वर्षं घोकलेलं होतं. आणि मी वाकलो, त्यांच्या पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. त्यांच्यावरचा राग आता विझलाय. त्या वाकण्याचा अजून विझत नाही.