टाकीचा सुस्कारा

बसची पहिली पायरी माझ्या आईच्या गुडघ्याच्या उंचीवर असते. हे मी पत्रकात छापलंय, निवेदनात लिहिलंय, आणि एका साहेबांच्या टेबलासमोर आईला उभं करून दाखवलंही आहे. साहेबांनी आईला बसायला खुर्ची दिली. पायरी आहे तिथंच आहे.

म्हणून आमच्या घरात ती मोटरसायकल फार मोलाची. बुटकी आणि लांबलचक. हँडल मागं वळलेलं, पाय पुढं टाकून आरामात चालवायची, आणि मागं बसणाऱ्याला टेकायला पाठ. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हा मी शाळेत होते आणि आईचे गुडघे शाबूत होते. जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत तेव्हा सगळ्यांकडं साध्या गाड्या. शेजारचे काका अण्णांना रोज टोमणा मारायचे, की हापिसात मान खाली घालून बसतो आन् रस्त्यावर जहागीरदारासारखा निघतो. अण्णा गालात हसायचे आणि गाडी पुसायचे. आई पहिल्यांदा मागं बसली, पाठ टेकली आणि एवढंच म्हणाली, "खुर्ची हाय की."

पुढं तिचे गुडघे गेले. रिक्षात चढताना ती दांडी धरून थांबते, बसचं तर सांगितलंच. ह्या एका गाडीवर तेवढी ती कुणाचा हात न धरता बसते. आणि बसून जाते कुठं, तर वळसंगला. दर रविवारी. तिथं मावशी असते, आईची थोरली बहीण. मावशी खाटेवरून फारशी उठत नाही आणि फोनवर तिला ऐकू येत नाही. समोर बसून, तोंडाकडं बघूनच तिच्याशी बोलावं लागतं, आणि बोलावं लागतं कन्नडमध्ये.

आईचं माहेर कानडी बोलणारं. लग्न होऊन ती आमच्या मराठी घरात आली आणि कन्नड तिनं उंबऱ्याबाहेर ठेवलं. कुणी ठेवायला लावलं, हा प्रश्न मी घरात विचारलेला आहे. त्यावर अण्णा खाली बघतात. आता तिच्याशी त्या भाषेत बोलणारी मावशी एकटीच उरलीय. आमच्याकडं आई हळू बोलते, शब्द वेचून. मावशीच्या ओसरीवर गेली की "अक्का, ऊट आतेनु?" म्हणजे जेवलीस का, असं दारातूनच विचारते आणि मग थांबत नाही. नकला करते. अर्ध्या गावाच्या नकला. मला निम्मंच कळतं, अण्णांना त्याहून कमी. पण ते भिंतीला टेकून शेंगा सोलत बसतात आणि तिच्याकडं बघत राहतात.

दिवाळीनंतर गाडी बंद पडायला लागली. शहरात नाही. बाजाराला न्या, दवाखान्यात न्या, काही तक्रार नाही. वळसंगच्या रस्त्याला लागलं, चांगली पळाली, आणि गावाच्या अलीकडं एक बाभूळ आहे तिथं आली की आचके द्यायची. दम कमी, अजून कमी, बंद. दर वेळी त्याच बाभळीजवळ. अण्णा उतरायचे, आईला सावलीत दगडावर बसवायचे, टाकीचं झाकण उघडून आत बघायचे. पेट्रोलचा काटा कधीचाच मेलाय, त्यामुळं झाकण उघडून गाडी हलवून बघायची त्यांना सवयच. पेट्रोल असायचं. झाकण लावायचे, इंजिन गार होऊ द्यायचे, आणि गाडी सुरू व्हायची. पुढं परतीच्या वाटेवर कुठंतरी पुन्हा तेच.

अण्णांनी अनुमान काढलं की गाडी तापतेय. आईनं अनुमान काढलं की त्या बाभळीचं काहीतरी आहे. तिनं तिथं नारळ फोडला. मी त्या रविवारी सोबत असते तर तिथंच भाषण दिलं असतं. घरी आल्यावर दिलं. आई म्हणाली, तुझी पत्रकं वाचून पायरी खाली आली का गं? मग माझा नारळ राहू दे की. मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं नाही.

आमच्या मेकॅनिकनं प्लग बदलला. मग कार्बोरेटर खोलून धुतला. मग कॉईल बदलली. शेवटी हात पुसत म्हणाला, ह्या गाडीचे पार्ट आता येत नाहीत, देऊन टाका. इथं माझं डोकं फिरलं. गाडी विकताना कंपनी आयुष्यभराची सोबत म्हणून विकते आणि पार्ट बनवायचं मात्र मध्येच सोडून देते, माणसाला धडधाकट वस्तू भंगारात घालायला लावते. हे मी मेकॅनिकला ऐकवलं. तो म्हणाला, ताई, मला कशाला, मी पण भाड्याच्या गाळ्यात हाय.

मग मीच अंगणात बसले. पाना, जुनं फडकं आणि अण्णा. प्लग काढला. त्याचं टोक कोरडं आणि पांढरं. काळं असतं तर पेट्रोल जास्त होतंय म्हणायचं. पांढरं म्हणजे पेट्रोल पोचत नाही. प्लग इंजिनला टेकवून सेल्फ मारला, ठिणगी निळी आणि ठणठणीत. म्हणजे वीज आहे, पेट्रोल अडतंय. टाकीतलं सगळं पेट्रोल बादलीत काढलं, टाकीखालच्या कॉकची जाळी ब्रशनं घासली, थोडा गंज निघाला. मला वाटलं, सापडला चोर. पुन्हा पेट्रोल ओतलं आणि नळी काढून बघितली तर कॉकमधून सरळ धार. अण्णा वाकून बघत होते, मी विजयानं त्यांच्याकडं बघितलं. झाकण तेव्हा बाजूला फरशीवर पडलेलं होतं. त्याच्याकडं आमचं दोघांचंही लक्ष नव्हतं.

पुढच्या रविवारी गाडी बाभळीजवळ बंद पडली.

त्या संध्याकाळी अण्णा गॅलरीत बसून स्वतःचे हात बघत होते. त्यांचा डावा हात अलीकडं थरथरतो. चहाची बशी वाजते, आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करतो. मी पुढचा उपाय सांगायला गेले तर म्हणाले, "गाडी ठीक हाय गं. चालवणारा ऱ्हायला न्हाय. क्लच धरतोय का सोडतोय, माझं मलाच कळंना झालंय."

मी म्हटलं, क्लचनं असं होत नसतं. त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही. श्रीपूरच्या साखर कारखान्यात त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांना ही गाडी पहिल्यापासून आवडायची. अण्णांनी त्यांना फोन केला आणि रविवारी बघायला या म्हणून सांगितलं. आई स्वयंपाकघरात होती. फोन संपेपर्यंत तिच्या भांड्यांचा आवाज बंद होता.

नंतर ती मला म्हणाली, गाडी जायच्या आधी एकदा अक्काकडं ने. तिला सांगून यायला पायजे, आता येणं व्हायचं न्हाय म्हणून.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. अण्णा आले नाहीत. निघताना आईनं कुंकवाची पुडी काढली, बोट ओलं केलं आणि टाकीच्या झाकणावर टिकली लावली. दसऱ्याला ती हेच करते, हळद, कुंकू, वर तेलाचं बोट. झाकण म्हणजे गाडीचं कपाळ, असं तिनं पहिल्या दसऱ्यालाच ठरवून टाकलंय. गाडी बिघडल्यापासून तर दर रविवारी. मी किल्ली फिरवली. भाषणाची वेळ नव्हती.

रस्ता मोकळा होता. उसाच्या ट्रॉलीला ओलांडून गेले तेव्हा आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. बाभूळ दिसायला लागली आणि गाडीनं आचका दिला.

म्हणजे दोष अण्णांच्या हातांचा नव्हता. माझे हात तर थरथरत नाहीत. मला इतका आनंद झाला, की बंद गाडीवर बसून मी हसले.

आईला दगडावर बसवलं. इंजिन गार होऊ दिलं. सेल्फ मारला, सुरू होईना. आणखी थांबलो. इंजिनला हात लावता येत होता इतकं ते निवलं, तरी होईना. अण्णांच्या हातून दर वेळी सुरू होणारी गाडी माझ्याकडून होत नव्हती. उष्णतेची थिअरी तिथंच मेली, पण तिच्या जागी दुसरी माझ्याकडं नव्हती.

"झाकण उघड," आई म्हणाली.

"पेट्रोल आहे गं, सकाळीच भरलंय."

"आसंल. तुजे अण्णा उघडतात. मग टाकी सुस्कारा टाकती, आन् मग गाडी चालू होती. मी सांगितलं हुतं त्यान्ला. म्हणले, तुला भास होतोय."

मी किल्ली घातली, झाकण उचललं, आणि टाकीनं खरंच सुस्कारा टाकला. कुणीतरी पाण्याखालून वर येऊन श्वास घ्यावा तसा. झाकण लावलं, सेल्फ मारला. दोन वेळा नुसताच खाकरला आणि गाडी बोलायला लागली.

ती बंद करून मी झाकण पुन्हा काढलं, उजेडात धरलं. किल्लीच्या भोकाशेजारी सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी त्यातून हवा आत यायची असते. तेलाच्या डब्याला आपण एक भोक ओतायला पाडतो आणि समोर दुसरं हवेसाठी, तसं. एकच पाडलं तर तेल गुळगुळ करत अडतं. आमच्या गाडीचं दुसरं भोक बुजलेलं होतं. लाल, पिवळं, तेलकट, धूळ बसून दगड झालेलं. वर्षानुवर्षांचे दसरे, आणि त्यावर ह्या हिवाळ्यातले सगळे रविवार. घरापासून बाभळीपर्यंत टाकीतली हवा पुरायची. मग पेट्रोल अडायचं. शहरात दोन चौक फिरून येताना ती वेळच यायची नाही.

आई दगडावरून माझ्याकडं बघत होती. पुडी अजून तिच्या हातात होती. मला दिसलं, गाडी सुरू झाली म्हणून ती पुन्हा एक बोट लावायला उठणार होती.

कुंकू-नारळाच्या ह्या विषयावर माझ्याकडं पत्रक आहे. दोन्ही बाजूंनी छापलेलं. त्यातलं वाक्यन् वाक्य मला पाठ आहे आणि एकही तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "धूळ बसलीय गं. पिन आहे का?"

तिनं बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली आणि शेजारी येऊन उभी राहिली. मी पाठ वळवून कोरायला लागले. ती फिरून समोर आली. पिनेच्या टोकावर लाल भुगा येत होता.

"धूळ लाल आसती व्हय?"

मी पिन पुसली आणि पुन्हा कोरायला लागले.

"दुनियेला तोंडावर खरं सांगतीस की. मला का न्हाय?"

"कुंकू आहे," मी म्हटलं. "त्यानं हवेचं भोक बुजलंय. तेलाच्या डब्याचं बुजावं तसं."

तेलाचा डबा तिला लगेच कळला. तिनं झाकण हातात घेऊन भोकावरून बोट फिरवलं. डोळे भरतील असं मला वाटलं, आणि मी घाईनं सांगायला लागले, की चूक कंपनीची आहे, भोक असं उघड्यावर ठेवायचंच कशाला. तिनं मला हातानंच थांबवलं. "म्हणजे मीच तिचं नाक दाबत हुते," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुज्या अण्णांचं दाबलं, ते न्हाय बंद पडले. हीच नाजूक निघाली."

आम्ही दोघी त्या बाभळीखाली हसलो. मग मी म्हटलं, अण्णांना धूळच होती म्हणून सांगू.

"न्हाय," ती म्हणाली. "कुंकू म्हणूनच सांगायचं. माजं नाव घेऊन सांगायचं. ते रोज आपलं हात बघत बसतात."

मावशीच्या ओसरीवर ती पोचली तशी दारातूनच सुरू झाली. निरोप घ्यायचा होता तो तिनं घेतलाच नाही. तिनं बंद पडणाऱ्या गाडीची नक्कल केली, सुस्काऱ्याची केली, माझी तर पाठ वळवून पिन फिरवताना अशी केली, की खाटेवरच्या मावशीला ठसका लागला. मला त्यातला 'कुंकुमा' कळला आणि 'गाडी'. तेवढं पुरे होतं.

परतताना गाडी कुठंच थांबली नाही. अण्णा फाटकात उभे होते. आईनं उतरायच्या आधीच त्यांना सगळं सांगितलं, मराठीत, आणि हळू नाही. अण्णांनी झाकण काढून उजेडात धरलं, एक डोळा मिटून भोकातून आरपार बघितलं. मग झाकण लावून तोच हात टाकीवर ठेवला. थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही.

रविवारी श्रीपूरचे गृहस्थ आले. त्यांना चहा मिळाला, गाडीची सगळी हकिकत मिळाली, गाडी मिळाली नाही. ते जाताना म्हणाले, वहिनी, अजून एक दसरा जोरात करा, मग येतो.

ते गेले आणि आई वळसंगला जायला तयार होऊन बाहेर आली. हातात पुडी होती. झाकणापाशी आली आणि बोट ओलं करून तशीच थांबली, कुठं लावायचं ते न कळून. अण्णा गाडीवर बसलेले होते. त्यांनी हँडल तिच्या बाजूला वळवलं, पुढच्या दिव्याची काच तिच्यासमोर येईल इतकं, आणि ते तसंच धरून ठेवलं.