घडी मोडलेल्या साड्या

एक होती वर्षा, माही सून. एक होता गजानन, माहा लेक. अन् एक होता मोबाईल, स्टँडवर उभा केलेला. त्याच्यापुढं बसून वर्षा साड्या दाखवे अन् विके. त्याले लाईव्ह म्हणतात. त्या लाईव्हचे किस्से इतके साचले, की सांगता सांगता चहा थंड होते!

गजाननचं बोलणं ठरलेलं. "पोळ्यापर्यंत चाललं त ठीक. नाही त बायको-पोरीले घेऊन पुण्याले कंपनीत जातो." मी मंग केळापुरात एकटी. माहा जीव टांगणीला!

पहिल्या दिवशी पाहणाऱ्या तीनच. एक वर्षाची माय. एक तिची बहीण. तिसरीनं लिहिलं, "ताई, तुमचा कुकर शिट्ट्या मारून राह्यला!"

एकदा मी बादली घेऊन मागून गेली. लगेच एकीनं विचारलं, "मागच्या आजीच्या अंगावरचं लुगडं केवढ्याले?"

म्या म्हटलं, "सांग तिले, हे देलं त मी काय नेसू?"

साऱ्या हसल्या. साडी एकबी नाही गेली!

मंग पाहणाऱ्या वाढल्या, त नवाच घोर लागला. पदर दाखवायचा म्हणजे साडी उलगडावी लागे. उलगडली की बाया लिहीत, "हिची घडी मोडली, ताई. कोरी दाखवा." आमच्याकडं एका रंगाची एकच! कोपऱ्यात मोडल्या घड्यांचा ढीग झाला. पोळा आला आठ दिवसांवर. गजानननं बॅग काढली. वर्षा लाईव्हमध्ये हसून बोले, अन् मोबाईल बंद केला की ढिगातल्या साड्या मोजत बसे.

मले राहवलं नाही. सरळ मोबाईलपुढं जाऊन बसली.

"आत्याबाई, लाईव्ह चालू हाय!" वर्षा दबक्या आवाजात म्हणली.

"असू दे. काहून वं पोरींनो, माहेरी नव्या साडीची घडी कोण मोडते? मायच ना? आधी आपल्या अंगावर घेते, मंग लेकीले देते."

म्या ढिगातली पिवळी साडी खांद्यावर टाकली. वर्षा मोबाईलकडं पाहतच राह्यली.

"काय लिहिलं वं? शिव्या देल्या काय?"

"फुलसावंगीची बाई हाय, आत्याबाई. म्हणते, मले माय नाही. ते लाल साडीबी आजीनं अंगावर घ्यावी, अन् मंगच मले पाठवावी."

म्या लाल घेतली. मंग जांभळी. मंग निळी. ढीग सरेपर्यंत उठली नाही.

पोळ्याले गजानन घरीच. पार्सलाले चिकटपट्टी लावता लावता ओरडला, "माय, नवं गाठोडं आलं! अंगावर घे लवकर, बाया खोळंबल्या!"