दादाची गंजी

सोयाबीनच्या काढणीला माळ्यावरून ताडपत्री खाली काढली, की तिच्या उग्र वासासरशी मला ती दुपार आठवते. शेतात कापून रचलेली गंजी झाकायला निघालो होतो, तेवढ्यात थोरला भाऊ आला. वारा बघून पाऊस सांगणारा म्हणून अख्खं गाव त्याला मानायचं. "आज कायबी येत न्हाई. माझी ताडपत्री फाटलीय, तुझी दे. सांजच्याला आणून देतो." बायको दाराआडून म्हणाली, "लई उकडायलंय, देऊ नका." मी खेकसलो, "दादापेक्षा तुला जास्त कळतंय का?" दुपार कलली आणि माजलगावच्या अंगानं आभाळ काळं होऊन आलं. थेंब पडायला लागले तसा मी बांध ओलांडून दादाच्या शेतात पळालो. दादाची गंजी चऱ्हाटानं आवळून झाकलेली होती. वर माझी ताडपत्री, खाली त्याची स्वतःची, कुठंही न फाटलेली. "आता सोडायला टाइम हाय का?" एवढंच तो म्हणाला. मी तसाच परतलो. पुढं कित्येक दिवस बायको मोड आलेल्या शेंगा निवडत बसली, पण एका शब्दानं बोलली नाही. तेच जास्त लागलं. आता मोबाइलवर पावसाचा अंदाज येतो, तरी काढणीत मी आधी बांधापलीकडं बघतो. दादाची गंजी झाकलेली दिसली, की ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला बायकोला हाक मारतो.