गुरू भागिले चंद्र

आमच्या घरात गुरू माझ्याकडे आणि चंद्र ताईकडे. ही वाटणी ताईनेच केली होती. मोठी बहीण म्हटल्यावर मला कोण विचारतंय! ती जासईच्या कंटेनर यार्डात कारकून. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली तिने सेक्रेटरीशी भांडून मिळवलेली. दिवेलागणीला आम्ही दुर्बीण वर न्यायचो. ग्रहाचा उजेड दोन ब्लेडच्या फटीतून आणि बारीक रेघांच्या काचेतून गेला की त्याचा रंगीत पट्टा होतो. त्याचा फोटो घेऊन आलेख काढायचा. आलेखात खड्डा दिसला, की तिथला रंग कुठल्यातरी वायूने गिळला असं समजायचं.

ताईला गुरूवरचा मिथेन बघायचा होता. पुस्तकातला नको, आपल्या गच्चीवरून.

पहिला ठळक खड्डा दिसला तेव्हा मी नाचलेच. ताई हसून हसून खाली बसली.

"अगं येडे, हा ऑक्सिजन आहे. आपल्याच हवेतला. गुरूचा उजेड तुर्भ्याच्या धुरातूनच खाली येतो ना?"

म्हणून चंद्र लागायचा. त्याला स्वतःची हवा नाही, त्यामुळे त्याच्या आलेखात फक्त सूर्य आणि आपली हवा. गुरूच्या आलेखाला त्याने भागलं की हे दोन्ही जातात, उरतो तो गुरू. पण चंद्र त्याच संध्याकाळचा हवा, कारण हवा रोज बदलते.

आमचा एकही भागाकार धड जमला नव्हता, तोवर ताईच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी जिने बंद केले. ऐकेल तर ती ताई कसली! मजल्यामजल्यावर थांबत ती वर आली. त्या दिवशी गुरू काय स्वच्छ मिळाला! मी दुर्बीण चंद्राकडे वळवली, तर तिला धाप लागलेली.

"चंद्र उद्या घेऊ," ती म्हणाली. "तू हात लावू नकोस हां. तो माझा आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलात होतो. ताई घरी परत आली नाही.

पुढे एका संध्याकाळी मी एकटीने गुरू आणि चंद्र दोन्ही घेतले. मिथेन निघाला, अगदी स्पष्ट. मी गच्चीवर बसून खूप रडले.

ताईबरोबर घेतलेला गुरूचा तो शेवटचा आलेख मात्र तसाच आहे. कुठल्याही दुसऱ्या चंद्राने मी त्याला भागणार नाही. त्यातला ऑक्सिजनचा खड्डा मला हवाय. त्या संध्याकाळी ताईला पुरली नाही, ती हीच हवा.